काही करू नका

लोहा तालुक्यातल्या बोरवाडीकडे जगाने आजवर कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. जगाचं सोडा, लोह्याहून सुटणारी एसटीसुद्धा माणसं फाट्यावर उतरवून पुढे पळायची. पण मागच्या हिवाळ्यात पाच देशांना एकदमच बोरवाडीचा पुळका आला. माणसांचा नव्हे, माणसांचा यायला अजून अवकाश आहे. पुळका आला तो गावाबाहेरच्या माळाचा.

त्याचं झालं असं. कझाकस्तान नावाच्या देशात एका शास्त्रज्ञ बाईने एका शिकारी पाखराच्या पाठीवर काडेपेटीहून लहान यंत्र बांधलं. पाखरू जिथे जाईल तिथून यंत्र उपग्रहाला कळवायचं, उपग्रह जर्मनीतल्या एका कचेरीला कळवायचा, ती कचेरी आणखी तीन देशांना कळवायची, आणि मग सगळे मिळून कुठल्यातरी थंड हवेच्या गावी जमायचे. निसर्ग कुणा एका देशाचा नाही, पाखरांना सरहद्द नसते, असा ठराव तिथे एकमताने व्हायचा. मग जेवण व्हायचं. अशी बरीच जेवणं झाल्यावर शोध लागला, की पुस्तकात ज्याला भोवत्या म्हणतात ते हे पाखरू हजारो मैल उडून येतं आणि सगळा हिवाळा बोरवाडीच्या गायरानात काढतं. एकटं नाही, गोतावळा घेऊन.

गावात त्यांना पाव्हण्या घारी म्हणत. दिवाळीनंतर यायच्या, शिमग्याच्या सुमाराला जायच्या. दिवसभर शिवारात नाकतोडे टिपत हिंडायच्या आणि दिवस मावळायला माळावर गोळा व्हायच्या. झाडावर बसायचं त्यांना माहीत नव्हतं. कमरेएवढ्या वाळल्या गवतात थेट जमिनीवर उतरून झोपायच्या. गावाला त्यांचं ना कौतुक होतं ना त्रास.

अपवाद एकच, उज्वला. लग्न होऊन ती रेणापूरकडून बोरवाडीत आली, तेव्हा तिला या गावात आपलं म्हणावं असं काही सापडेना. घर सासूचं, शेत नवऱ्याचं, चूल दोघींची पण तिखटाचा अंदाज सासूचा. एका सांजेला चुकलेली शेळी हुडकत ती माळावर गेली, तर डोक्यावर पाच-पन्नास घारी जराही आवाज न करता गोल फिरत होत्या. मग एकेक करत त्या पंख वर धरून गवतात उतरल्या आणि बघता बघता माळ रिकामा दिसायला लागला. आत एवढे जीव निजले आहेत याचा बाहेरून पत्ता नाही. उज्वला शेळी विसरून तिथेच उभी राहिली आणि तिला उगाच रडू आलं. त्या दिवसापासून तो माळ तिचा झाला, सातबाऱ्यावर कुणाचं का नाव असेना. हिवाळ्यातली एक सांज तिने कधी चुकवली नाही.

पुढे बोरवाडीचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि रामकिशनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मोठ्या मनाने बायकोला उभं केलं. निवडून ती आली आणि हार त्याच्या गळ्यात पडले. तेव्हापासून सही ती करायची आणि सरपंचकी तो. तालुक्याच्या बैठकीत तिच्या खुर्चीवर तो बसायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, कारण शेजारच्या खुर्च्यांवरही कुणाकुणाचे नवरेच बसलेले असायचे. माणूस वाईट नव्हता. बायकोने काही मागितलं तर आणून द्यायचा. फक्त ती काय म्हणते आहे हे शेवटपर्यंत ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती.

माळ तसा सुखात होता. मग उपसरपंच भागवतला माळाखालचा काळा दगड दिसला. गायरान खडी क्रशरला द्यायचं, गावाला रोजगार, गावाला रस्ता, आणि उरलंसुरलं भागवतला, असा ठराव त्याने आणला. उज्वलाने आयुष्यात पहिल्यांदा सही करायची नाकारली. घरात अबोला झाला, दारात भांडण झालं, आणि प्रकरण जिल्ह्याला जाऊन तिथल्या टेबलावर निवांत पहुडलं. आज ना उद्या ते उठणार आणि माळावर सुरुंग लागणार, हे उज्वलाला दिसत होतं.

अशात शिल्पा आली. पुण्याची मुलगी, पाखरांच्या त्या पाच-देशी प्रकल्पाचं काम बघायला नांदेडात खोली घेऊन राहिलेली. तिने उज्वलाच्या ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. संक्रांतीच्या आधी परदेशी पथक येणार आहे. घारी माळावर मुक्कामाला उतरतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की बोरवाडी पाखरांसाठी राखायच्या जागांच्या जागतिक यादीत जाईल. एकदा यादीत गेली की क्रशरला परवानगी नाही, तसं वरच्या साहेबांनी कबूल केलंय. म्हणजे एक सांज. त्या एका सांजेला घारी उतरल्या पाहिजेत.

"मग आम्ही काय तयारी करावं?" उज्वलाने विचारलं.

"काही करू नका, ताई. माळ आहे तसाच राहू द्या. जेवणाचंही काही करू नका, ते लोक आपलं आपलं घेऊन येतात."

आता हे पुण्याला ठीक आहे. मराठवाड्यात 'काही करू नका' हे वाक्य प्रत्येक पाहुणा दारात चप्पल काढतानाच म्हणतो आणि ते ऐकणारा अजून जन्माला यायचाय. जितक्या जोरात पाहुणा नको म्हणेल तितकं तूप जास्त पडतं. काही करू नका म्हणणाऱ्याला खरोखरच काही न करता परत पाठवलं, तर त्या घराचं नाव पुढे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत निघतं. उज्वलाही याच मातीतली. तिने शिल्पाच्या बोलण्याचे मनातल्या मनात दोन भाग केले. माळाचं म्हणाली ते खरं, आणि जेवणाचं म्हणाली तो नुसता उपचार. शिल्पा फाट्यापर्यंत पोचायच्या आत इकडे केवळाबाईने, म्हणजे सासूने, पुरणाची डाळ किती घालायची याचा हिशेब सुरू केला होता.

"परदेशचे पाव्हणे म्हणजे तिखट चालायचं न्हाई," केवळाबाई म्हणाली. "दोन मिरच्या कमी घालू."

ग्रामसभेत त्या दिवशी उज्वला स्वतः बोलायला उठली. मारुतीच्या पारावर एवढी माणसं क्रशरच्या ठरावालाही जमली नव्हती. "पाच देशाचे पाव्हणे येऊन राहिलेत," ती म्हणाली. "त्याइचा निरोप हाय, आमच्यासाठी काही करू नका. माळाचं बी काही करू नका म्हणल्यात. पर गावाची इज्जत आता तुमच्या हातात हाय."

गावाने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. आधीच्या दोन वाक्यांना म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "मोठी माणसं हायत, अशीच बोलत असतेत," एकजण म्हणाला, आणि सभा गहिवरून उठली. रामकिशनने बायकोकडे पाहिलं. ती एवढं बोलू शकते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी माळाला फार महागात पडणार होतं.

पाहुण्यांच्या स्वागताला उज्वलाला आदल्या दिवशी नांदेडला जावं लागलं. या खेपेला रामकिशन तिच्या जागी आला नाही. शिल्पाने सरपंचच हव्यात असं बजावलं होतं, आणि गंमत म्हणजे तो लगेच कबूल झाला. "तू जा बिनघोर. इकडची जिम्मेदारी माझी," म्हणाला. उज्वलाला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याने तिची अशी काळजी कधी घेतली नव्हती.

नांदेडच्या एका हॉटेलात गारढोण सभागृहात दुसऱ्या दिवशी सकाळपासून जागतिक सहकार्य चाललं. प्रत्येक देशाने बाकीच्या चार देशांचे आभार मानले. पडद्यावर जगाचा नकाशा आला, त्यावर लाल रेघा आल्या. पाण्याच्या बाटल्या एकेक घोट पिऊन टेबलावर तशाच राहिल्या, आणि प्लास्टिकमुळे समुद्रातले मासे कसे मरतात यावर एक साहेब कळवळून बोलले. उज्वलाला व्यासपीठाच्या टोकाला बसवलं होतं. सगळे वक्ते अधूनमधून 'स्थानिक समुदाय' म्हणून तिच्याकडे हात करायचे. स्थानिक समुदाय म्हणजे आपण एकटीच, हे तिला जरा उशिरा कळलं.

त्या सगळ्यांत तिला एकच बाई आवडली. आयगुल, म्हणजे यंत्र बांधणारी ती कझाकस्तानची बाई. पन्नाशीला आलेली, रुंद चेहऱ्याची, डोक्याला रुमाल. तिने भाषण केलं नाही. गाडीत मात्र ती उज्वलाच्या शेजारी बसली आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यात तिच्या दोन्ही हातांत ती तपकिरी घार होती, पिवळ्या डोळ्यांची, रागावलेली. मग आयगुलने बोटाने आधी आभाळ दाखवलं, मग स्वतःची छाती, आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. शिल्पा पुढच्या सीटवरून म्हणाली, "त्या म्हणतात, उडून गेल्यावर तिला पुन्हा कधी पाहिलं नाही. नकाशावर नुसता ठिपका बघतात रोज. म्हणून स्वतः आल्यात."

"दिसंल म्हणा आज," उज्वला म्हणाली. "म्या रोज बघते."

दिवस कलायला गाड्या बोरवाडीत शिरल्या. वेशीवर कमान होती. कमानीपुढे लेझीम होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दगड गेरू-चुन्याने रंगवले होते. दगड रंगवले तर रंगवले, दगडांत घारी झोपत नाहीत, असं उज्वलाने मनाला समजावलं. मग गाडी वळली आणि माळ आला.

म्हणजे माळाची जागा आली, माळ नव्हता.

गवताची काडी उरली नव्हती. बोरी, तरवड, उंचवटे, खळगे सगळं गेलं होतं. लग्नाचं मैदान असावं तशी जमीन सपाट करून, पाणी मारून, वर रोलर फिरवलेला. मधोमध मंडप, मंडपात फिती बांधलेल्या खुर्च्या. पाच देशांचे पाच झेंडे, त्यातला एक उलटा. आणि सगळ्या मोकळ्या जमिनीवर हिरवी मॅट अंथरलेली. लोह्याचा मंडपवाला गुलाम रसूल कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत होता. "वैनी, मॅट माझ्यातर्फे," तो म्हणाला. "वाळलेल्या गवतानं गावाची गरिबी दिसत होती. पाव्हण्याला माळ हिरवा दिसला पायजे का न्हाई?"

जगाला जे दहा ठरावांत जमलं नव्हतं ते सहकार्य बोरवाडीने एका दिवसात करून दाखवलं होतं. एकमेकांच्या बांधावर न जाणारी माणसं एका रांगेत विळे घेऊन बसली होती. बायांनी भाकरी बांधून आणल्या होत्या. जेसीबी भागवतने दिला होता, फुकट. भागवत फुकट काही देतो म्हटल्यावर खरं तर कुणालातरी शंका यायला हवी होती, पण गहिवरलेल्या गावाला शंका येत नसते.

रामकिशन पुढे आला. डोक्याला फेटा, अंगभर कुसळं, तळहात फोडांनी भरलेले. त्याने ते हात बायकोपुढे धरले, लहान पोराने बक्षीस दाखवावं तसे. "बघ," तो म्हणाला. "पहिला विळा म्या चालवला. तू सभेत बोललीस ना इज्जतीचं, मला लई लागलं ते. गावात कुणी न्हाई म्हणलं न्हाई."

उज्वलाला ओरडायचं होतं. त्या हातांकडे बघून तिला ओरडता येईना. इतक्या वर्षांत या माणसाने तिच्या शब्दाखातर पहिल्यांदा काही केलं होतं. आणि दोष तरी कुणाला द्यायचा? जेवणाचं काही करू नका हे तिनेही ऐकलं होतं, आणि घरात पुरणाचं पातेलं उतरून ठेवलेलं होतं.

"काही करू नका म्हणले होते ना," ती एवढंच म्हणाली.

"असं म्हणत असतेत," रामकिशन म्हणाला आणि पाहुण्यांना फेटे बांधायला गेला.

घारी वेळेवर आल्या. त्या कधी चुकत नसत. आधी एक, मग चार, मग आभाळ भरून. सगळं गाव वर बघायला लागलं आणि टाळ्या सुरू झाल्या. घारी गोल फिरल्या. खाली आल्या, हिरव्या मॅटवरून एक गिरकी घेतली आणि पुन्हा वर गेल्या. पुन्हा खाली, पुन्हा वर. ज्या भागवतने या माळाला सुरुंग लावायचा ठराव आणला होता, तो हात जोडून मोठ्याने म्हणाला, "पाव्हण्याला प्रदक्षिणा घालून राहिल्यात." जर्मनीचे मार्टिन साहेब कॅमेरा घेऊन जमिनीवर उताणे झोपले. त्यांना एवढी सुंदर दृश्यं जन्मात मिळाली नव्हती. इतर वेळी या घारी एकदा उतरल्या की दिसायच्याच नाहीत. आज उतरायला जागाच नसल्यामुळे त्या तासभर दिसत राहिल्या.

आयगुल टाळ्या वाजवत नव्हती. तिने रुमाल सोडून हातात घेतला होता आणि ती आभाळाकडे बघत हळू काहीतरी बोलत होती. शिल्पा ते मराठीत सांगायला वळली, पण उज्वलाने मान हलवली. ते तिला समजलं होतं. अंधार पडला तशा घारी पांगल्या आणि एकेक करून दक्षिणेकडे निघून गेल्या. दमलेल्या पाखरांचं उडणं कसं दिसतं ते उज्वलाने त्या दिवशी पाहिलं.

मग पंगत बसली. मार्टिन साहेबांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि नको नको म्हणत असताना चौथी त्यांच्या ताटात पडली.

पाहुणे गेल्यावर रामकिशन ओट्यावर येऊन बसला. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. "पाखरं खाली कामून उतरली न्हाईत?" त्याने विचारलं.

"गवतात निजतात त्या," उज्वला म्हणाली. "गवत न्हाई म्हणून."

त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मला कुणी सांगितलं न्हाई," म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं असावं. "वाढंल की पावसाळ्यात," तो खालच्या आवाजात म्हणाला. उज्वलाने त्याच्या हाताला हळद-तेल लावलं. गवत वाढेल, हे तिलाही खरं वाटत होतं. गवताला तेवढं कळतं. पण माळ यादीतून गेला, आता क्रशर येणार, या विचाराने तिला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि इथे जगाने आपली करामत दाखवली. अहवाल आला तो गावाचं कौतुक करणारा. जिवंत माळासाठी त्या यादीत कागदपत्रं अपुरी होती म्हणे, पुढच्या चार-पाच वर्षांत विचार झाला असता. पण उजाड झालेली जमीन पुन्हा उभी करण्यासाठी मात्र वेगळा निधी तयारच पडून होता, आणि तो खर्च करायला तेवढी उजाड जमीन कुठे सापडत नव्हती. बोरवाडीची जमीन सगळ्या कसोट्यांवर उतरली. एवढी निर्मळ उजाड जमीन पाच देशांत नव्हती. क्रशरचा प्रस्ताव कायमचा फेटाळला गेला आणि माळाला संरक्षण मिळालं. बोरवाडीत पेढे वाटले. भागवतनेही वाटले, कारण कुंपणाचं आणि कमानीचं काम त्यालाच मिळालं होतं.

पावसाळ्यात गवत खरोखरच उगवलं. बोटभर झालं, वीतभर झालं. उज्वला रोज जाऊन बघून यायची, आणि आता रामकिशनही तिच्याबरोबर जायचा. मग ठेकेदाराची माणसं झाडं घेऊन आली. निसर्ग उभा करायचा म्हणजे झाडं लावायची, हे सगळ्या जगाला माहीत आहे. दर चार पावलांवर खड्डा, खड्ड्यात रोप, मधलं गवत खुरपून साफ. रामकिशन कुंपणापाशी आडवा उभा राहिला.

"माळाला काही करू नका," तो हात जोडून म्हणाला. "मेहरबानी करा. काहीच करू नका."

"काळजी करू नका, मालक," ठेकेदार त्याच्या पाठीवर हात ठेवून हसला. "तसदी कसली? आमचं कामच हाय हे." आणि गावच्या माणसाने एवढी भीड दाखवली म्हणून त्याने पदरची पन्नास रोपं जास्तीची लावून दिली.

दिवाळी झाली. थंडी पडली. उज्वला आणि रामकिशन रोज सांजेला जाऊन कुंपणाच्या तारेपाशी उभे राहायचे. आत रोपांच्या रांगा, फरसबंदी वाट, सौरदिवे. दिवस मावळला की दिवे आपोआप लागायचे आणि सगळं कसं लख्ख दिसायचं. घारी आल्या नाहीत. एक सांज नाही, दोन नाही, आख्खा महिना. घरी येताना रामकिशन तिच्या मागे चार पावलं चालायचा.

'पक्षी निवारा केंद्रा'चं उद्घाटन संक्रांतीच्या आधी ठरलं. कमानीच्या आत सिमेंटची मोठी घार बसवून तिच्यावर पडदा टाकला होता. शेजारच्या जिल्ह्यातल्याही सरपंचांना बोलावणं होतं. परदेशी पाहुणे या खेपेला आले नव्हते, ते पडद्यावरून बोलणार होते, कारण विमानाच्या धुरामुळे निसर्गाची हानी होते असं त्यांच्या मधल्या बैठकीत ठरलं होतं. ती बैठक कुठल्याशा बेटावर झाली होती.

कार्यक्रमाच्या आधी शिल्पाने उज्वलाला मंडपामागे नेलं. ती कावरीबावरी झाली होती. "ताई, यंत्र चालू आहे," ती म्हणाली. "आयगुल मॅडमनी रात्री कळवलं. ठिपका रेणापूर तालुक्यात आहे, तुमच्या माहेरच्या शिवेला लागून जो माळ आहे ना, तिथे. महिन्यापासून मुक्काम तिथेच आहे. म्हणजे सगळ्याच तिथे असतील. मॅडमनी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, मार्टिन सरांनाही नाही. त्या विचारतात, अहवालात लिहू का. म्हणाल्या, उज्वलाला विचार आणि ती सांगेल तसं करू."

उज्वलाला तो माळ लहानपणापासून ठाऊक होता. मुरमाड जमीन, दगड खडीच्या लायकीचा नाही. रस्ता नाही, पाणी नाही. गाव त्याला निकामी माळ म्हणायचं आणि शेळ्याही कंटाळल्या तरच तिकडे जायच्या. त्या माळाचं आजवर कुणीही काहीही केलं नव्हतं. घारी जिवंत आहेत आणि तिथे आहेत, एवढं कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने मंडपाचा बांबू धरला.

"लिहू नका म्हणा," ती म्हणाली.

"मग काय लिहायचं?"

"यंत्र बंद पडलं म्हणून लिहा."

शिल्पाने मोबाइलवर निरोप धाडला. तिकडून लगेच उत्तर आलं. आयगुलने नुसतं 'बंद पडलं' असं लिहिलं होतं. पाच देशांच्या त्या सगळ्या कारभारात खरं म्हणावं असं सहकार्य एवढंच झालं, आणि ते कुठल्याच ठरावात आलं नाही.

व्यासपीठाकडे जाताना शिवमूर्तीने तिला गाठलं. तिच्या माहेरच्या गावचा सरपंच, तिच्या भावाचा दोस्त. लहानपणी तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा माणूस. तो कमान, दिवे, फरसबंदी असं सगळं डोळे भरून बघून आला होता.

"बाई, तुझ्या गावाचं सोनं झालं बघ," तो म्हणाला. "एक इचारायचं होतं. आपल्या निकाम्या माळावर अवंदा सांजच्याला घारी उतरून राहिल्यात. लई हायत. त्या ह्याच तर न्हाईत? तसं असंल तर तुझ्या पाव्हण्याला सांग की. माहेराचं बी जरा भलं होऊ दे."

माहेरच्या माणसाने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिला लुगडी आली, गहू आले, पोरांना कपडे आले. तिने परत काय दिलं? शिवमूर्ती आशेने तिच्या तोंडाकडे बघत होता.

"साध्या घारी असतील, दादा," ती म्हणाली. "कोंबड्या तेवढ्या झाकून ठेवा."

"साध्याच म्हणतीस?"

"हाव. आपल्या नेहमीच्या."

शिवमूर्तीचा चेहरा उतरला. तो मान हलवत खुर्च्यांकडे गेला. माहेरच्या माणसाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती आणि तिला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आता माहेरी गेली तरी तिला त्या माळाकडे फिरकता येणार नव्हतं. सरपंच असलेली लेक रोज सांजेला निकाम्या माळावर कशाला जाते, असं गाव एकदा तरी विचारणारच, आणि मग घारी साध्या राहणार नव्हत्या. घारी जगतील, पण तिला पुन्हा कधी दिसणार नाहीत.

माइकवर तिचं नाव पुकारलं गेलं. पहिल्या रांगेत रामकिशन बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून. उज्वला पदर सावरत पायऱ्या चढली आणि भागवतने हातात दिलेली पडद्याची दोरी तिने ओढली.